पंख्यातला कापूस

माय,

तू गेलीस तेव्हा आपल्या गावात टीव्हीसुद्धा मोजक्याच घरांत होता, त्यामुळे आधी तुला लॅपटॉप म्हणजे काय ते सांगायला हवं. पाटीएवढा चपटा डबा असतो. उघडला की वरच्या भागात अक्षरं दिसतात आणि खालच्या भागावर बोटं आपटून ती उमटवायची. माझं काम सगळं त्याच्यावर चालतं. पुस्तकं छापायला जाण्याआधी त्यांतल्या चुका शोधून द्यायच्या, हे माझं काम. दुसऱ्यांच्या चुका काढायचे पैसे मिळतात हे ऐकून तू हसली असतीस, कारण हेच काम मी लहानपणी फुकट करायचे आणि वर तुझ्या हातचे धपाटे खायचे. तर हा डबा गेल्या हिवाळ्यापासून तापायला लागला. त्या तापण्यावरून सुरू झालेली गोष्ट तुझ्यापर्यंत येऊन पोचली, म्हणून तुला लिहिते आहे. दुसऱ्या कोणाला सांगावी अशी ती नाही.

दिवाळीच्या आधी भाऊचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जड उचलायचं नाही म्हणून बजावलं, आणि तुझ्या लेकाला तू ओळखतेस, त्याला खाटेवर बसवून ठेवणं म्हणजे बैलाला दिवाणखान्यात बांधण्यासारखंच. त्याची दोन्ही मुलं बाहेरगावी नोकरीला. वहिनी एकटी, त्यात कापूस वेचणीचे दिवस, मजूर मिळता मिळेनात. म्हणून मी जळगावचं, मेहरूणमधलं घर ह्यांच्यावर सोपवून आठवड्यातले निम्मे दिवस गावी राहायला लागले. सकाळची एसटी पकडून एरंडोल, तिथून रिक्षा. सोबत लॅपटॉप असायचाच. धाब्याच्या घराचा आता स्लॅब झालाय, अंगणात फरशी आलीय, पण पुढची मोठी खोली आहे तशीच आहे. दिवाळीपासून तिच्यात कापूस भरायला सुरुवात होते आणि संक्रांतीपर्यंत ढीग छताला टेकतो. भाव चढेपर्यंत तो तिथंच राहतो. त्याच खोलीत कापसाला लागून एक खाट, आणि खाटेशेजारी विजेचं बटण. घरात तेवढीच शांत जागा, म्हणून मी तिथं बसून काम करायचे. पाठीला कापसाचा ढीग आणि मांडीवर उशी घेऊन त्यावर लॅपटॉप. थंडीत इतकी ऊबदार बैठक जळगावातसुद्धा मिळाली नसती.

आधी तो नुसता कोमट व्हायचा. मग त्याच्या आतला छोटा पंखा घरघरायला लागला. मग त्या घरघरीची गिरणी झाली, वहिनी स्वयंपाकघरातून विचारायची, ताई, दळण टाकलं का काय. शेवटी माघ संपता संपता तो ऐन कामात डोळे मिटून बसायला लागला. एक अख्खं प्रकरण तपासून होत आलेलं असायचं, आणि पडदा काळा. हात लावला तर बूड असं तापलेलं की त्यावर पापड भाजला असता. मला कसा राग यायचा म्हणून सांगू. मी त्याला शिव्या दिल्या, थोपटलं, विनवण्या केल्या. ज्याला विचारावं तो म्हणायचा, ऊन आहे हो, आपल्याकडचं ऊन माणसाला सोसत नाही, यंत्राला काय सोसणार. खानदेशात हे एक बरं आहे. डोकं फिरलं, दूध नासलं, जावई रागावला, कशाचंही खापर उन्हावर फोडता येतं. थंडी अजून पुरती गेली नव्हती, पण हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही, माझ्यासुद्धा.

मग इलाज सुरू झाले. मी त्याला थंड फरशीवर ठेवलं. पालथ्या ताटावर ठेवलं. चार कोपऱ्यांखाली बाटल्यांची बुचं सरकवली. जळगावला आले की कूलरच्या पुढ्यात ठेवायचे, तर ह्यांनी सांगितलं की दमट वाऱ्याने आतले भाग गंजतील, मग तेही बंद केलं. कोणी म्हणालं फार कामं एकदम चालू ठेवू नका, म्हणून एकेकच उघडत गेले. कोणी म्हणालं मधूनमधून विश्रांती द्या, म्हणून तो विश्रांती घेत असताना मी भिंतीकडे बघत बसायचे. आणि सगळ्यात प्रेमाचा इलाज वहिनीचा. ती म्हणाली, "ताई, इतलं महागनं यंत्र, त्याले असं उघडं नका ठेवू. आठे धूळ कितली उडस. मी गवसणी शिवी देस." आणि खरंच तिनं जुन्या लुगड्याच्या काठाची, आत अस्तर लावलेली गवसणी शिवून दिली, तीन बाजूंनी बंद, फक्त बोटं चालवायला आणि बघायला पुढून उघडी. इतकी नेटकी शिवण की मला ती काढवेना. काम करतानाही ती चढवलेलीच असायची. तो आणखीनच तापायला लागला, आणि आम्ही दोघी म्हणायचो की बघा, ऊन वाढलं.

होळीच्या सुमाराला त्यानं मान टाकली ती टाकलीच. जळगावात बाजारातल्या एका संकुलात वरच्या मजल्यावर दुरुस्तीची दुकानं आहेत, त्यांतल्या एकात घेऊन गेले. दुकानदार चाळिशीचा, तोंडात सुपारी, बोलायची भारी हौस. त्यानं न उघडताच निदान केलं, की मॅडम, मशीन जुनं झालंय, नवीन घेऊन टाका, माझ्याकडे एक चांगला पीस आहे. मी म्हटलं, आधी हे उघडा. मग त्यानं आतली उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळली असेल म्हणून सांगितलं, मग बॅटरी फुगली असेल म्हणून सांगितलं. उघडलं तेव्हा दोन्ही नव्हतं. स्क्रू काढून त्यानं खालची पाटी उचलली, पंखा मोकळा केला, आणि थांबला. चिमटा घेऊन त्यानं पंख्याच्या पलीकडून काहीतरी ओढलं. ते तुटलं नाही. करड्या पांढऱ्या रंगाची, जाडसर, घट्ट दाबून बसलेली एक पट्टी अख्खीच्या अख्खी बाहेर आली. नवीन गादीचा कोपरा उसवला की आत दिसतो ना, तसा थर. त्यानं ती उजेडात धरली आणि मला म्हणाला, "मॅडम, घरात गादीचा कारखाना आहे का?"

मी म्हटलं, माहेरी कापूस भरलेला असतो. तो हसला. त्याचंही मूळ गाव असोद्याकडचं निघालं, त्याच्या मामाच्या घरातही तेच. मग त्यानं समजावून सांगितलं. ह्या डब्याला खालून हवा आत घ्यायला जाळी असते आणि बाजूनं गरम हवा बाहेर टाकायला दुसरी जाळी. पंखा हवा आत ओढतो. हवेबरोबर कापसाचे तंतू आत जातात, डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत इतके बारीक, आणि बाहेरच्या जाळीत अडकून बसतात. एकावर एक. "पंखा एकदम चांगला आहे मॅडम," तो म्हणाला. "उलट जास्तच पळत होता बिचारा. पण बाहेर जायला जागाच नव्हती." मग त्याला माझ्या पिशवीतली गवसणी दिसली. ही घालून चालवत होता का, विचारलं. धूळ जाऊ नये म्हणून, मी सांगितलं. तो म्हणाला, "घ्या. धूळ बाहेर ठेवायला गेलात आणि आतलं आतच कोंडलंत." हे सगळं तो ब्लोअर मारत मारत, सुपारी चघळत बोलत होता. त्याच्या दृष्टीनं ते रोजचंच होतं. मी मात्र स्टुलावर बसले, माय, आणि मला तू दिसलीस. खाटेवर उठून बसलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, खांदे वर ओढलेले, मान पुढे. आत घेतलेला श्वास बाहेर जात नाही आणि तू तो बाहेर काढायची धडपड करते आहेस.

मला धुळ्याचा तो दिवस आठवतो. मी शाळेत होते, भाऊ नुकता मिसरूड फुटलेला. आबांना शेतातून निघता येत नव्हतं म्हणून तुला घेऊन आम्ही दोघं छातीच्या डॉक्टरांकडे निघालो. एसटीत तू खिडकीशी बसलेली. सगळ्या वाटेत तुला एकदासुद्धा खोकला आला नाही, आणि तू भाऊला म्हणत होतीस की उगाच भाडं खर्च केलंस, मी तर बरी आहे. दवाखान्यात गर्दी, तू नंबरची वाट बघत बाकड्यावर पदराशी चाळा करते आहेस. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, गोळ्या लिहून दिल्या आणि तुझ्याशी नाही, भाऊशी बोलले. "यांना धुळीपासून जपा. घरात धूळ अजिबात नको." एवढंच. आणखी काही विचारलं नाही त्यांनी, आम्हीही सांगितलं नाही. आपल्या घरात काय काय भरलेलं असतं हे डॉक्टरांना सांगायचं असतं, हे कोणाला माहीत होतं. परत येताना बसमध्ये भाऊ मनात घर झाडत होता.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं घराची शिस्तच बदलली. अंगणात सकाळ-संध्याकाळ सडा. धान्य पाखडायचं ते मागच्या बाजूला. झाडायचं ते आधी पाणी शिंपडून. आणि तुझी खाट ओसरीतून उचलून त्यानं पुढच्या खोलीत नेली, कारण सगळ्या घरात तेवढ्याच एका खोलीला नीट बसणारी दारं आणि झडपा असलेली खिडकी होती. का होती? कापसासाठी. कापसाला दव लागू नये, उंदीर शिरू नये, ठिणगी उडू नये म्हणून ती खोली तशी बांधून घेतलेली. "आठे धूळ येस नही," भाऊ म्हणाला, "मायनी खाट आठेच राहू द्या." त्यानं दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबलं. खिडकीच्या झडपा लावून वर चादर ठोकली. आबांनी त्याची पाठ थोपटली. शेजारच्या बाया बघायला आल्या आणि म्हणाल्या, लेक असावा तर असा. खाटेच्या एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला, हात लांब केला तर लागेल इतक्यावर, छतापर्यंत कापूस. तो आमच्यापैकी कोणालाच दिसला नाही. कापूस म्हणजे धूळ नव्हे ना, माय. दिवाळीत तू त्याला हळदकुंकू वाहायचीस. आम्ही पोरं ढिगावर चढलो की ओरडायचीस, "उतरा खाले. ती लक्ष्मी शे, तिनावर काय उड्या मारतस?" लक्ष्मीपासून जपा असं कोण कोणाला सांगतं?

तू म्हणायचीस मात्र. ते मला आठवतं, आणि स्टुलावर बसल्या बसल्या तेच सगळ्यात जास्त आठवलं. पुढच्या खोलीतून तुझा आवाज यायचा, "खिडकी उघाड रे भाऊ, जीव घाबरस." आणि भाऊ समजुतीनं म्हणायचा, "नही माय, धूळ येई." मग तू गप्प व्हायचीस. आबांनी सांगितलं असतं तर तू भांडली असतीस. लेकाचं ऐकण्यात तुला अभिमान वाटायचा, म्हणून ऐकायचीस. आपल्याला मुलगा इतकं जपतो, ह्याचं कौतुक तू खोकता खोकता करायचीस.

आणि सगळ्यांना फसवणारी गोष्ट होती ती आखाजी, पंचांगातली अक्षय्यतृतीया. आखाजीच्या आधी कापूस गाड्यांत भरून जायचा, खोली रिकामी व्हायची, सारवली जायची, आणि तुझा खोकला जायचा. आम्ही म्हणायचो की ऊन तापलं, कफ सुटला. बघ, तेव्हाही ऊनच. मी लग्न होऊन जळगावला गेले, तर माहेरपण मिळायचं आखाजीलाच. मी यायचे तेव्हा लिंबाला झोका बांधलेला असायचा आणि तू त्यावर उभी राहून सगळ्या बायांच्या वरच्या पट्टीत गाणं म्हणत असायचीस. भाऊ सांगायचा की हिवाळ्यात मायचे फार हाल झाले, तेव्हा तुझ्याकडे बघून मला ते खरं वाटायचं नाही. मी एकदा तरी पौषात आले असते तर, असं आता फार वाटतं. येणं जमलं नाही असं नाही, कोणी बोलावलं नाही आणि मला सुचलं नाही. सासुरवाशिणीनं पौषात माहेरी यायची रीतच नव्हती. आणि मग पौषातच तू गेलीस. त्याच खोलीत, त्याच खाटेवर, भाऊच्या मांडीवर डोकं ठेवून. मी पोचले तोवर तुला अंगणात आणलेलं होतं. तुझ्या केसांत कापसाचे तंतू होते. मी ते काढायला लागले तर काकू म्हणाल्या, राहू दे, लक्ष्मीसकट जाऊ दे. मला ते तेव्हा फार छान वाटलं होतं.

तुझ्यानंतर इतकी वर्षं झाली, आबा गेले, पण तुझ्या श्राद्धाला पानं वाढून झाली की भाऊ एक वाक्य हमखास बोलतो. "मायले मी एक दिवस धूळ लागू दिधी नही." बोलतो आणि उपरण्यानं डोळे पुसतो. भाऊनं आयुष्यात फार काही मिळवलं नाही. शिक्षण सुटलं, पंचायतीला उभा राहिला तर पडला, विहिरीला पाणी लागलं नाही. पण आपण आईची सेवा केली, हे त्याच्याकडे आहे. गावात त्याला मान आहे तो त्यावर. आता सांग, त्या दुकानात बसून जे माझ्या ध्यानात आलं ते घेऊन मी भाऊसमोर कशी उभी राहणार होते? म्हणून मी आधी ठरवलं की गप्प बसायचं. गेलेलं माणूस परत येत नाही, मग उरलेल्याला कशाला मोडायचं. दुरुस्त झालेला लॅपटॉप घेऊन घरी आले, चहा केला, आणि कपात चमचा फिरवताना वहिनीचा खोकला आठवला.

दोन हिवाळे झाले वहिनी खोकते आहे. ती म्हणते वय झालं. तिची खाट तीच, मी दिवसा जिच्यावर बसून काम करायचे ती. भाऊ तिला तसाच जपतो, अंथरुणातून उठायची मनाई असतानाही उठून संध्याकाळी खिडकी लावून घ्यायचा. "वारा नको लागाले तुले," म्हणायचा. मी शेजारी बसून लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढत होते, माय, आणि ते रोज ऐकत होते.

मी दुसऱ्याच दिवशी गावी गेले. सगळ्या वाटेत शब्द जुळवत होते. भाऊला वहिनीबद्दल सांगायचं आणि तुझ्याबद्दल नाही, असं वाक्य मला एसटीत जमेना, रिक्षात जमेना. पोचले तेव्हा वहिनी चुलीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या टाकत होती आणि भाऊ दारात बसून शेंगा फोडत होता. हल्ली तो चालूफिरू लागलाय. मी लॅपटॉपचीच गोष्ट सांगायला घेतली. दुकानदार, चिमटा, ती पट्टी, गादीचा कारखाना. भाऊ पोट धरून हसला, पोटावर ताण येईल म्हणून वहिनी त्याला रागावली. मग तो म्हणाला, "म्हणजे तुना डबाले बी दमा लागना का?"

त्याच्या तोंडून तो शब्द गेला आणि तो हसायचा थांबला. आत वहिनीला धुराचा ठसका लागला होता की कापसाचा कोण जाणे, ती बराच वेळ खोकत राहिली. आम्ही दोघं ते ऐकत होतो. मी म्हटलं, "भाऊ, कापूस बाहेर काढ आते. वहिनीनी खाट तठून हालव."

"आखाजीपावत थांबू ना," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. "भाव चढी मंग."

"वहिनी थांबी का तोपावत?"

भाऊनं हातातली शेंग तशीच टोपलीत टाकली आणि उठला. त्यानं शेजारच्या दोघांना हाका मारल्या. जुनी लुगडी, चादरी, धोतरं, जे सापडेल त्यात कापूस बांधून गाठोडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये न्यायला सुरुवात झाली. त्याला उचलायची मनाई, म्हणून तो खोलीत बसून नुसत्या गाठी मारत होता आणि मी तोंडाला ओढणी गुंडाळून कापूस भरत होते. सूर्य खिडकीच्या बाजूला आला होता. भाऊनं स्वतःच्या हातानं झडपा उघडल्या. उन्हाचा पट्टा आत आला आणि त्यात सगळीकडे बारीक तंतू तरंगताना दिसले, अख्खी खोली भरून. हातातलं गाठोडं तसंच धरून तो त्या पट्ट्याकडे बघत राहिला. बाकीचे दोघं गाठोडी घेऊन मागे गेलेले होते. मला कळलं की आता तो विचारणार, आणि मला खोलीतून पळून जावंसं वाटलं.

"बाई," तो म्हणाला, "एक सांग. मायनं बी असंच व्हतं का?"

मी म्हटलं, "नही रे भाऊ. मायले तर जन्मना दमा व्हता."

त्यानं मान हलवली. गाठोड्याची गाठ घट्ट ओढली, पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "माले कडवर लिसन ती पद्मालयनी चढण चढे. नी गानं म्हनत राहे." त्याला कडेवर घेऊन तू ती डोंगराची चढण गात चढायचीस. मला ते माहीत नव्हतं, मी तेव्हा जन्मलेच नव्हते. त्यानं गाठोडं माझ्याकडे सरकवलं. "शिकेल शेस तू," तो म्हणाला. "तू सांगस तर तसंच व्हई."

संध्याकाळपर्यंत खोली मोकळी झाली. वहिनीची खाट ओसरीवर गेली. वहिनी कुरकुरत होती की ऐन हंगामात घर उलटंपालटं केलं, मी उगाच शहाणपणा केला, शेडमध्ये कापसाला ऊन लागेल. भाऊनं झाडू घेतला आणि रिकाम्या खोलीत, पाणी न शिंपडता, एकटाच किती तरी वेळ झाडत राहिला. मी त्याला थांबवायला गेले नाही. आता तीन आठवडे होतील. वहिनीचा खोकला गेलेला नाही, पण कमी आहे असं ती म्हणते, आणि डॉक्टरांकडे यायला तयार झालीय. या वेळी काय काय सांगायचं ते मी पाठ करून ठेवलंय. भाऊ फोनवर पावसापाण्याचं बोलतो. त्या दुपारबद्दल तो बोललेला नाही आणि मीही विषय काढलेला नाही.

हे सगळं त्याच लॅपटॉपवर लिहिते आहे. आता तो तापत नाही, पंख्याचा आवाजही येत नाही. हे छापून काढणार नाही, कोणाला दाखवणार नाही, ह्यांनासुद्धा नाही. तू असतीस तर लेकाला खरं सांगितलं असतंस की माझ्यासारखंच खोटं बोलली असतीस, ह्याचा मी खूप विचार केला, मला ठरवता आलं नाही. कोणी वाचलं तर म्हणेल मी भाऊसाठी खोटं बोलले, आणि मीही स्वतःला तेच सांगत होते. पण तुझ्याशी कशाला लपवू. त्यानं ते खोटं उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतलं, मला काही विचारलं नाही, आणि आतल्या आत सगळं एकट्यानं सोसायचं ठरवलं, तेव्हा मला आधी वाईट वाटलं नाही, माय. आधी सुटल्यासारखं वाटलं.